कारणाचा रकाना

ज्या तारेतून वीज वाहत असते तिला मराठीत आपण ‘जिवंत तार’ म्हणतो. जिवंत तारेचा स्पर्श होऊन शेतकऱ्याचा मृत्यू, अशी बातमी पावसाळ्यात एखाद्या आठवड्याला वाचायला मिळाली नाही असे होत नाही. जयपूरला, जिथे मी आयुष्याचा मोठा भाग काढला, तिला ‘चालू लाइन’ म्हणतात. इथे शॉक बसत नाही, करंट लागतो. १९८४ साली सांगलीहून नोकरीसाठी इथे आलो आणि हळूहळू माझ्याही तोंडात ‘चालू लाइन’च बसली. पण मराठी शब्द मला आजही अधिक खरा वाटतो. तार जिवंत असेल तर तिच्यावर काम करणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. त्याचा जीव राखायचा तर तार आधी मेली पाहिजे. हिशेब इतका सरळ आहे. तरीही तार जिवंत ठेवूनच काम करून घ्यायचे असे आपण ठरवतो, तेव्हा नेमके काय ठरवत असतो? आणि हे ठरवणारे ‘आपण’ म्हणजे कोण?

हा प्रश्न मला पुस्तक वाचून पडलेला नाही.

१९९१ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. जयपूरच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या प्लास्टिकच्या कारखान्यात मी देखभाल विभागाचा इंजिनिअर होतो. पॅनेलमधल्या एका फेजचा लग सैल होऊन तापत होता, काळा पडला होता. नट आवळायचा, एवढेच काम. त्यासाठी मेन बंद करायला हवा होता. मेन बंद केला असता तर सगळी मशीन थांबली असती, हीटर थंड झाले असते, बॅरलमधला माल घट्ट झाला असता आणि तो पुन्हा वितळवून उत्पादन सुरू व्हायला दोन-अडीच तास गेले असते. फाटकाशी ट्रक उभा होता. आमचे मिस्त्रीजी, शेखावाटीकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, पॅनेलसमोर उभे राहून म्हणाले, “साहब, लाइन बंद करवा दीजिए.” मी घड्याळाकडे पाहिले आणि हसत म्हणालो, “दो मिनट का काम है. डरते हो क्या?”

त्यांनी पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि काम सुरू केले. पाना निसटला, शेजारच्या फेजला टेकला. त्यानंतर जे झाले त्याला स्फोट म्हणायला हवे. दोन फेजमध्ये असा ठिणगीचा झोत पेटतो तेव्हा त्याचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागाहून अधिक असू शकते, हे मी नंतर वाचले. मिस्त्रीजींचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला, भुवया जळाल्या. ते वाचले. पण उजव्या हाताची दोन बोटे पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. मशीन बंद पडायची ती पडलीच; अडीच तासांऐवजी दोन दिवस.

संध्याकाळी अपघाताची नोंद करायची होती. नोंदवहीत एक रकाना होता : ‘कारण’. मी लिहिले, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. काही दिवसांनी मिस्त्रीजी पट्टी बांधलेल्या हाताने आले. डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत, त्यांनी त्याखाली सही केली.

त्या दोन शब्दांशी मी गेली तीस-पस्तीस वर्षे भांडतो आहे. पुढे लिहितो आहे ते त्या भांडणातले मुद्दे आहेत.

माझ्या बाजूने जे जे बोलता येईल ते आधी मांडतो. पहिला बचाव असा की मी सक्ती केली नव्हती. ते कुशल होते, धोका त्यांना माझ्याइतकाच, किंबहुना माझ्याहून अधिक ठाऊक होता. ते नाही म्हणू शकले असते. जाणत्या माणसाने जाणूनबुजून पत्करलेला धोका हा त्याचा स्वतःचा निर्णय नव्हे काय?

या बचावात काही तथ्य आहे. डोंगर चढणाऱ्याला, खोल समुद्रात बुडी मारणाऱ्याला आपण अडवत नाही. स्वतःच्या जिवाची जोखीम घेण्याचा अधिकार माणसाला असावा, असेच बहुतेकांना वाटते. पण डोंगर चढणारा परत फिरला तर त्याचे काय जाते? फार तर हळहळ. मिस्त्रीजी परत फिरले असते तर त्यांना भेकड ठरवण्याची सोय मी प्रश्नातच करून ठेवली होती. ‘डरते हो क्या’ या वाक्याला होकारार्थी उत्तर देता येत नाही. ज्या प्रश्नाला एकच उत्तर शक्य आहे तो प्रश्न राहत नाही, तो हुकूम होतो. फरक इतकाच की हुकूम देणाऱ्यावर जबाबदारी येते आणि असा प्रश्न विचारणारा नामानिराळा राहतो. माझ्या त्या हसण्यातला हा भाग मला कळायला फार वर्षे लागली.

आपल्याकडच्या जुन्या नियमकर्त्यांना मात्र तो कळला असावा. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांमध्ये छत्तिसावा नियम आहे. कोणत्याही वाहकाला हात लावण्याआधी तो अर्थ करून त्यातली वीज पूर्ण उतरवून घ्यावी असे तो सांगतो. आणि पुढे सांगतो की जिवंत लाइनवर कुणीही काम करू नये, आणि असे काम करणाऱ्याला कुणी मदतही करू नये. अपवाद फक्त त्या कामासाठी अधिकृत केलेल्या आणि विद्युत निरीक्षकाने मान्य केलेली खबरदारी घेणाऱ्या माणसाचा. हे नियम पुढे २०१० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नव्या रूपात आले, पण गाभा तोच राहिला. मला त्यातला ‘मदत करणारा’ महत्त्वाचा वाटतो. कायदा फक्त पाना धरणाऱ्या हाताकडे पाहत नाही. शेजारी बॅटरी धरून उभा असलेला, शिडी धरलेला, हाही त्या कामात आहे. मग ज्याने घड्याळ पाहिले तो त्या कामात नव्हता, असे कसे म्हणायचे?

दुसरा बचाव धैर्याचा. आमच्या धंद्यात चालू लाइनवर काम करणाऱ्याला मान असतो. मेन बंद करून काम करणारा तो नवशिका, चालूवर करणारा तो उस्ताद. उलट्या हाताने तार चाचपून करंट आहे की नाही हे सांगणारे लोक मी पाहिले आहेत. उलटा हात अशासाठी की झटका बसला तर स्नायू आखडून हात तारेपासून मागे खेचला जावा. सरळ हाताने धरली तर बोटे तारेवरच आवळली जातात आणि मेंदूने कितीही सांगितले तरी सुटत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी हीच सीमा मोजली. १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया स्वयंसेवक म्हणून आल्या होत्या. हातातला वाहक स्वतःहून सोडता येतो तो प्रवाह पुरुषांमध्ये सरासरी १६ मिलिअँपियर आणि स्त्रियांमध्ये साडेदहा मिलिअँपियर भरला. त्यापलीकडे हात तुमचा राहत नाही.

हा आकडा किती लहान आहे ते घरातल्या वस्तूवरून समजते. आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर नऊ वॅटचा एलईडी दिवा सुमारे ४० मिलिअँपियर प्रवाह घेतो. ज्या प्रवाहात देवघरातला एक दिवा जेमतेम लागतो तेवढ्यात माणसाची मूठ त्याच्या ताब्यातून जाते, आणि तो छातीतून काही क्षण वाहत राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणूनच घरात बसवायची गळतीरोधक स्विचे ३० मिलिअँपियरला तुटतील अशी बनवतात. विजेपुढे शौर्य दाखवायला जागाच नाही. वाघासमोर उभ्या राहणाऱ्याचे धैर्य वाघाला निदान जाणवत असेल. तारेला काहीही जाणवत नाही. तिथे पणाला लागते ते नशीब, आणि नशीब साथ देत राहिले की त्यालाच कौशल्य म्हणण्याची सवय लागते. वीस वर्षे चालू लाइनवर काम करून काही झाले नाही असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. फक्त ज्यांना झाले ते सांगायला समोर नसतात.

ॲरिस्टॉटलने धैर्य हे भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधले मानले. त्याच्या लेखी ज्याला कशाचीच भीती वाटत नाही तो शूर नव्हे. योग्य गोष्टीची, योग्य वेळी, योग्य तेवढी भीती वाटणे हे शूराचे लक्षण. या मापाने पाहिले तर त्या दिवशी पॅनेलसमोर धैर्य दाखवले गेले ते एकदाच : “साहब, लाइन बंद करवा दीजिए” या वाक्यात. तरुण साहेबासमोर, फाटकाशी ट्रक उभा असताना, एका पगारी माणसाने ते वाक्य म्हटले. पाना हातात घेणे हे त्या धैर्याचा मी केलेला पराभव होता.

इथे कुणी विचारेल की मग जिवंत लाइनवर काम करणे नेहमीच चूक का? तसे नाही, आणि हा अपवाद नीट पाहिल्याशिवाय प्रश्न सुटत नाही. पारेषणाच्या उच्चदाब वाहिन्यांवर पुरवठा न थांबवता दुरुस्ती करणारी पथके जगभर आहेत, आपल्याकडेही आहेत. हॉटलाइनची माणसे म्हणून ती ओळखली जातात. त्यांच्या एका पद्धतीत माणूस धातूचे धागे विणलेला पोशाख चढवतो, जमिनीपासून पूर्ण विलग होतो आणि सरळ तारेच्याच विभवावर जातो. तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही त्याचे कारण आणि या माणसाला काही होत नाही त्याचे कारण एकच : त्याच्या शरीराच्या दोन टोकांमध्ये विभवाचा फरकच उरत नाही. भोवतालचे विद्युतक्षेत्र पोशाखावरून निघून जाते. मायकेल फॅरेडेने १८३६ साली पिंजऱ्यात बसून जे दाखवले तेच हे तत्त्व.

हे काम आणि माझ्या मिस्त्रीजींचे काम, दोन्ही ‘चालू लाइनवरची’ कामे. पण त्यांच्यात नैतिक अंतर केवढे तरी आहे. हॉटलाइनच्या माणसाला महिनोन्‌महिने प्रशिक्षण असते. प्रत्येक पाऊल आधी ठरलेले असते, हवामान पाहिले जाते, दोऱ्या-काठ्यांची चाचणी झालेली असते, आणि काम नको म्हणायची मुभा खालच्या माणसालाही असते. तिथे लाइन बंद न करण्याची किंमत संस्था आगाऊ मोजते : साधनांत, वेळेत, शिक्षणात. माझ्या पॅनेलसमोर ती किंमत कुणीच मोजली नव्हती. चिकटपट्टी गुंडाळलेला एक पाना, एवढीच आमची तयारी. वाचवलेले अडीच तास कारखान्याच्या खात्यात जमा होणार होते आणि धोका एका माणसाच्या हातावर नावे पडणार होता. मला वाटते चूक आणि बरोबर यांची रेषा इथे आहे. एखाद्या रुग्णालयाचा पुरवठा तुटला तर कुणी दगावेल म्हणून पुरेशा तयारीनिशी जिवंत लाइनवर काम करणे न्याय्य ठरू शकते. ट्रक उभा आहे म्हणून नाही. आणि ज्याला लाभ होणार तो स्वतः पाना हातात घ्यायला तयार झाला असता का, हा प्रश्न विचारून पाहावा. मी झालो नसतो. मला पॅनेलपासून चार पावले मागे उभे राहायचे भान बरोबर होते.

तिसरा मुद्दा विश्वासाचा आहे. लाइन बंद केल्यावरही सुरक्षिततेचे शास्त्र माणसाला एक विचित्र वाटणारी शिस्त शिकवते : कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवू नका. लाइन बंद आहे असे सांगितले, तरी टेस्टरने तपासा. टेस्टर तपासण्याआधी तो चालू आहे ना, हे माहीत असलेल्या जिवंत जागी लावून पाहा. मग आपली लाइन पाहा. मग पुन्हा एकदा माहीत असलेल्या जागी लावून पाहा, कारण मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर दिवा लागला नाही याचा अर्थ काहीच नाही. साक्षीदाराची साक्ष घ्यायच्या आधी आणि नंतर त्याचीच परीक्षा. मग स्विचला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. मग दोन्ही बाजूंनी लाइन अर्थ करा, आणि तेव्हा हात लावा.

नवीन मुलांना हे शिकवताना त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. सहकाऱ्याने ‘बंद केली’ म्हटल्यावर पुन्हा टेस्टर लावणे त्यांना त्याचा अपमान वाटतो. आपल्याकडे माणसावर शंका घेणे वाईटच समजतात. पण ही शंका माणसावर नाही. जगाच्या गुंतागुंतीवर आहे. जयपूरच्या जुन्या शहरात, किशनपोल किंवा चांदपोलच्या आतल्या गल्ल्यांत मान वर करून पाहिले की समजते : विजेच्या, फोनच्या, केबलच्या तारांची जाळी, कोणती कुठून येते ते गल्लीत जन्मलेल्यालाही सांगता येत नाही. फीडर बंद केलेला असतो आणि कुणीतरी लग्नाच्या मांडवासाठी जनरेटर चुकीच्या रीतीने जोडलेला असतो, किंवा दुकानातल्या इन्व्हर्टरचे जोडकाम कच्चे असते. ती वीज उलटी येते, ट्रान्सफॉर्मरमधून मागे जाताना तिचा दाब चढतो, आणि खांबावरचा माणूस ज्या तारेला मेलेली समजत असतो ती जिवंत होते. ज्याने जनरेटर जोडला त्याला तो माणूस कधी दिसतही नाही.

अशी गोष्ट विजेइतकीच जुनी आहे. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये जॉन फीक्स नावाचा तारायंत्र कंपनीचा लाइनमन भर दुपारी, रस्त्यावरच्या गर्दीसमोर, तारांच्या जाळ्यात अडकून मरण पावला. तो ज्या तारांवर काम करत होता त्या कमी दाबाच्या तारायंत्राच्या तारा होत्या. त्यांत धोका असायला नको होता. पण दूर कुठेतरी दिव्यांची उच्चदाबाची तार त्यांपैकी एकीला टेकली होती. त्याच्या पत्नीसाठी लोकांनी तिथल्या तिथे पैसे गोळा केले. त्या गर्दीत हळहळ होती, राग होता. पण दिवे त्या लोकांनाही हवे होते, आणि कुणाच्या घाईने ती तार तशी टांगली गेली हे शोधायला प्रत्येकाला स्वतःपासूनच सुरुवात करावी लागली असती. दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, सेंट लुइस इथे अमेरिकेतल्या वीज कामगारांनी आपला बंधुसंघ स्थापन केला. त्याचा पहिला अध्यक्ष हेन्री मिलर १८९६ साली स्वतः खांबावर काम करताना झटका लागून, खाली पडून गेला.

या सगळ्यातून एक गोष्ट मला पटली. तपासणे, कुलूप लावणे, किल्ली खिशात ठेवणे या क्रिया अविश्वासाच्या नाहीत. आपल्या चुकीने दुसरा मरू नये आणि दुसऱ्याच्या चुकीने आपण मरू नये, अशी ती परस्परांना दिलेली हमी आहे. मी सहकाऱ्याचे बोलणे तपासतो तेव्हा त्याच्यावर माझ्या मृत्यूचे ओझे येऊ नये याचीही काळजी घेत असतो. किल्ली खिशात असलेल्या माणसाला कुणी ‘डरते हो क्या’ विचारू शकत नाही, कारण निर्णय त्याच्या खिशात असतो. नियमांचे खरे काम मला तिथे दिसते. दुबळ्या माणसाला धैर्य गोळा करायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था ते करतात. मिस्त्रीजींना ‘नाही’ म्हणायला माझी परवानगी लागली, हाच आमच्या कारखान्यातला दोष होता. अपघात त्यानंतरचा.

आता ‘आपण’ कोण, या पहिल्या प्रश्नाकडे येतो.

जयपूरला १४ जानेवारीचे महत्त्व मोठे. संक्रांतीला सगळे शहर गच्चीवर असते. फीणी, तिळाचे लाडू, पतंग आणि ‘वो काटा’च्या आरोळ्या. मीही पाठीवर ऊन घेत, महाराष्ट्रातल्यासारखा तिळगूळ खिशात घेऊन, शेजाऱ्यांच्या गच्चीवर जातो. संध्याकाळपर्यंत प्रत्येक तारेवर मांजा लोंबत असतो, पतंगांचे सांगाडे फडफडत असतात. धातूचा अंश असलेला मांजा तारांवर पडला की फेज एकमेकांना भिडतात आणि गल्ली अंधारात जाते. मग आम्ही फोन करतो. पहिला फोन विनंतीचा असतो, दुसरा चढ्या आवाजातला, तिसरा ओळखीच्या कुणाला. खाली एक माणूस शिडी घेऊन येतो. बरेचदा तो ठेकेदाराचा असतो, हातमोजे असतील तर असतात. वरून कुणीतरी ओरडतो, “भाईसाहब, जल्दी करो!” त्या आवाजात आणि माझ्या त्या ‘दो मिनट का काम है’मध्ये मला फरक करता येत नाही.

शटडाउन घ्यायचा तर शेजारच्या तीन गल्ल्याही बंद कराव्या लागतात. तिथूनही फोन जातात. उपकेंद्रातल्या माणसावर दबाव येतो, तो खांबावरच्या माणसावर जातो, आणि साखळीच्या शेवटी ज्याच्या हातात पक्कड आहे त्याच्यापाशी तो दबाव पुढे ढकलायला कुणी उरलेला नसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांत देशभरात विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची संख्या गेली काही वर्षे दहा हजारांच्या वर आहे. ते सगळे वीज कामगार नाहीत. शेतकरी आहेत, मुले आहेत, पाणी तापवणाऱ्या बायका आहेत. पण त्यांतल्या कितींच्या नावापुढे ‘निष्काळजीपणा’ लिहिले गेले असेल, हा विचार मला सोडत नाही.

वाटसरूच्या बाबतीत आपल्या न्यायालयाने हा शब्द बाजूला ठेवला आहे. पावसाळी रात्री सायकलवरून घरी जाणारा एक माणूस रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेने मेला, त्या मध्य प्रदेशातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले की अशी धोकादायक गोष्ट जो पुरवतो त्याच्यावर जबाबदारी येतेच. निष्काळजीपणा कुणाचा होता, तार कुणी चोरून ओढली होती, हे पाहायची गरज नाही. धोक्यातून जो लाभ घेतो त्याने धोक्याचा भार उचलावा, असे त्याचे सार मी घेतो. हेच सार खांबावरच्या माणसाला लावले तर? विजेचा लाभ मंडळाला होतो, कारखान्याला होतो, आणि गच्चीवर तिळगूळ खात उभ्या असलेल्या मलाही होतो. भरपाईचा हिशेब कायद्याने होईल. पण घाईचा हिशेब करायला कोणताही कायदा नाही. तो ज्याचा त्याने करायचा.

मिस्त्रीजी पुढे कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी मुलासोबत पंखे-मोटारी दुरुस्तीचे छोटे दुकान टाकले. काही वर्षांपूर्वी घरातला एक जुना पंखा घेऊन मी तिथे गेलो. दोन बोटे वाकलेलीच होती. बाकीच्या तिघांनी ते वेटोळे गुंडाळत होते. मुलाने पंखा तपासायला प्लगकडे हात नेला तसे ते न पाहताच म्हणाले, “पहले बंद कर.” मुलाने बंद केले.

चहा झाल्यावर मी धीर करून सांगितले की त्या दिवशी नोंदवहीत मी जे लिहिले ते खोटे होते.

“पता है साहब,” ते म्हणाले. “मुझे पढ़ना आता है.”

मी विचारले, मग सही का केली? त्यांनी वेटोळ्यावरची नजर काढली नाही. मुलगा तेव्हा नववीत होता, इतकेच म्हणाले.

मी वर लिहिले की त्यांचे धैर्य त्या दिवशी एकदाच दिसले आणि मी ते हरवले. ते पूर्ण खरे नाही. आणि ‘स्वेच्छेने’ हा शब्द किती पातळ असू शकतो तेही मला पॅनेलसमोर कळले नाही, त्या सहीत कळले. तिथे धमकी नव्हती, विजेसारखा न दिसणारा दाब होता. तो मी लावत होतो, आणि मला तो जाणवत नव्हता, कारण मी त्याच विभवावर बसलेला पक्षी होतो.

ती नोंदवही आता कुठे असेल कोण जाणे. कारखाना कधीच बंद पडला. त्या रकान्यात आता काही बदलता येणार नाही. पण मला कुणी तो पुन्हा भरायला दिला तर मी लिहीन : ‘देखभाल इंजिनिअरने लाइन बंद करू दिली नाही’. नाव माझे लिहीन. आणि गेल्या संक्रांतीला आमची गल्ली अंधारात गेली तेव्हा मी एक फोन केला, दुसरा केला नाही. गच्चीवरची मुले कुरकुरत होती. त्यांना म्हटले, खाली माणूस काम करतो आहे, त्याला त्याचा वेळ घेऊ द्या. दीड तासाने दिवे आले. तोपर्यंत आम्ही अंधारात बसून होतो, आणि त्यात कुणाचे काही बिघडले नाही.